थंड खोलीतल्या बांगड्या

१

भीमाबाई सैपाकघरात तिखट कुटायला बसली आहे. तिचा खलबत्ता सुरू झाला की घरात दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून मीही कागद घेऊन बसलो. मिरच्या भिवापूरच्या आहेत. एक पोरगी दर उन्हाळ्यात पाठवते. यंदाची थैली आली आणि डोक्यात तळाशी बसलेलं सगळं वर आलं. तीन रात्री धड झोप नाही. लिहून काढलं तर खाली बसेल, असं वाटते.

मी चौथी शिकलो. लिहिताना शाळेत होती तशी भाषा लिहितो, बोलताना तोंडात येते तशी बोलतो. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं स्वतः लिहून पाहावं.

नाव लहानू मेश्राम, राहणार इंदोरा. आधी मिलमध्ये होतो. कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटानं डावा कान खाल्ला आणि अंगावर आलेल्या कापसाच्या गाठीनं गुडघा. तेव्हापासून काठीशिवाय उठता येत नाही. मिल सुटल्यावर हिंगण्याच्या बाजूला भैय्याजींच्या कंपनीत चौकीदार लागलो. कंपनी म्हणजे तांब्याच्या तारा गुंडाळून ट्रान्सफॉर्मरची भेंडोळी करायची. माल कोराडीच्या वीजकेंद्राला जायचा, खापरखेड्याच्या जायचा. सगळं टेंडरवर. प्रत्येकानं आपला दर बंद पाकिटात द्यायचा, ज्याचा कमी त्याला काम. दर आधी फुटला की कंपनी मेली.

मे महिन्यात आमची कंपनी दुपारी झोपायची. जेवणं झाली की भट्टी बंद, पंखे बंद, कामगार शेडमध्ये आडवे. ऊन उतरलं की पुन्हा भोंगा. त्या मधल्या वेळात जागा मी एकटा. लोक रात्रीच्या पाळीला भितात. मी म्हणतो, रात्री निदान चोराची तरी सोबत असते. नागपूरच्या दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. टिनाचं छप्पर तापून एकदा इकडं कडकन वाजते, एकदा तिकडं. बाकी काही नाही.

तिथं मी त्या बांगड्या ऐकल्या.

२

कंपनीत कॉम्प्युटर आला ते सत्याऐंशी साल. तोपर्यंत भैय्याजी स्वतः वाळ्याच्या कूलरपुढं बसायचे आणि आम्ही घामात. आता त्या डब्यासाठी वेगळी खोली बांधली, एसी लावला, दाराला काचेची चौकट. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. देवळात नाही काढत एवढ्या मनानं लोक तिथं काढायचे. खंडेनवमीला भैय्याजींनी त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला. फक्त नारळाचं पाणी शिंपडू दिलं नाही मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरानं.

मशीन चालवायला प्रेमलता. खापरखेड्याच्या कॉलनीतून बसनं यायची. बाप वीजकेंद्रात होता, राखेनं छाती गेली, आता घरी खोकत बसायचा. घर पोरीवर. बारीक अंगाची, हसरी, आणि हातात जांभळ्या काचेच्या बांगड्या, कोराडीच्या देवीच्या जत्रेतल्या. बोटं भरभर चालायची. चालता चालता थांबायची, बांगड्या कोपराकडे सारायची, पुन्हा भरभर. त्या सारण्याचा एक आवाज होता. खळ्ळ. डोळे मिटूनही सांगितलं असतं, ही प्रेमलता.

मग रुपराव आला. शाईच्या फिती आणि छापायचा कागद विकायचा. गोड बोलणारा, दारातूनच वाकून येणारा. एक दिवस त्यानं भैय्याजींना काळी चौकोनी तबकडी दिली, फ्लॉपी म्हणत तिला.

"भैय्याजी, याच्यात पंचांग हाये. जन्मवेळ सांगा, कुंडली हजर. टेंडर कोणत्या घडीले भरायचं, ते बी सांगते."

भैय्याजी मुहूर्त पाहिल्याशिवाय केससुद्धा कापत नसत. तबकडी मशीनच्या तोंडात गेली आणि दारापुढं रांग लागली. फिटर, हमाल, कारकून, पॅकिंगवाली गोपिका, सगळे. नाव सांगा, मायचं नाव सांगा, गाव, वेळ. प्रेमलतानं पहिली स्वतःची काढली. ती ते टाइप करायची आणि मशीन कागद ओकायचं.

"लहानूजी, तुमची वेळ?" रुपराव मला म्हणाला.

"माय धान कापून राहिली होती तवा झालो. लिही, धान."

सगळे हसले. "रास तरी सांगा गा."

"छप्पन साली दीक्षा घेतली, तवा राशीफिशी तिथंच टाकून आलो."

भैय्याजी म्हणाले, "अरे लहानू, मशीन है, भूत थोडंच हाये!"

"भूत असतं तर वेळ विचारली नसती, भैय्याजी. त्याले माहीत असते."

पंचांग शिळं होते म्हणे. म्हणून दर अमावास्येला रुपराव यायचा, जुनी तबकडी घेऊन जायचा, नवी देऊन जायचा. फुकट. फुकटाचं मला तेव्हाही आवडलं नाही. पण मला फारसं काहीच आवडत नाही, त्यामुळं कोणी मनावर घेतलं नाही.

३

त्या दुपारी मी फेरी मारत होतो. दुपट्टा ओला करून डोक्यावर टाकलेला, दोन पावलांत वाळलेला. कॉम्प्युटरच्या खोलीपाशी आलो आणि आतून बटणं वाजली. टकटक टकटक. थांबलं. खळ्ळ. टकटक टकटक.

मी मनात म्हटलं, पोरीला भैय्याजींनी दुपारचं बी कामाला लावलं. पुढं निघालो. मग पाय थांबला. दाराबाहेर चपला नव्हत्या.

चावी माझ्या करदोट्याला होती. दुसरी चावी भैय्याजींच्या तिजोरीत.

काचेला डोळा लावला. आत अंधार, कारण बिल वाचवायला दुपारी दिवा, एसी, मशीन, सगळं बंद करायचे. मशीनवर कापडी झाकण होतं तसं होतं. आवाज मात्र सुरूच. मी उजवा कान काचेला लावला. डाव्याचा भरवसा नाही, पण उजवा अजून पोस्टमनची सायकल ओळखतो. बटणं. बांगड्या. मध्ये बारीकसा सुस्कारा, प्रेमलता ओळ संपली की सोडते तसा.

दार उघडलं. आवाज बंद.

खोली भट्टीसारखी तापली होती. भिंतीला हात लावला, चटका. टेबलाला लावला, चटका. मग खुर्चीच्या बैठकीवर लावला.

थंड. माठाखालच्या ओल्या वाळूसारखी थंड.

मी दार लावून शेडमध्ये गेलो. प्रेमलता गोपिकेच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपली होती. गोपिकेला हलवलं.

"ही कुठं गेली होती का वं?"

"कुठं जाते? मघापासून माह्या मांडीवर लंगडी टाकून पडली हाये पोट्टी. माहा पाय मेला तिकडं. तुम्हाले काय झालं? भूत पाहिल्यावानी तोंड झालं."

"ऊन लागलं," म्हटलं. आणि तेच धरून बसलो. ऊन लागलं की माणसाला काहीही ऐकू येते.

पण ऊन खुर्ची थंड करत नाही.

४

पुढल्या दुपारी पुन्हा. त्याच्या पुढल्याही. मी फेरीचा रस्ता बदलला, पाठीमागून जाऊ लागलो. मग आवाज पाठीमागच्या भिंतीतून यायचा.

तेवढ्यात टेंडर गेलं. कामठी रोडवर एक अशीच कंपनी होती, तिनं घेतलं. आमच्या दराच्या केसभर खाली. एकदा झालं असतं तर नशीब म्हटलं असतं, पण लागोपाठ झालं. भैय्याजींनी मला आणि प्रेमलताला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट.

"दर माह्या डोक्यात, आणि तिथून हिच्या बोटात. तिसरं कोणी नाही. लहानू, दुपारी त्या खोलीत कोण जाते?"

"कोणी नाही. चावी माह्या कंबरेले हाये."

"काही पाहिलं?"

"पाहिलं नाही."

विचारलं तेवढं सांगितलं, खोटं बोललो नाही. ऐकलं का, असं त्यांनी विचारलं नाही. मी देवाला हात जोडत नाही, पण तेव्हा कोणाला तरी जोडले असते. बंद खोलीत बटणं वाजतात, बांगड्या वाजतात, एवढं सांगितलं असतं तर झालंच होतं. कंपनीत बांगड्या घालून मशीन चालवणारी एकच पोरगी.

भैय्याजी तिला म्हणाले, "बेटी, कोराडीचं मोठं टेंडर अमावास्येनंतर हाये. ते बी फुटलं तर मी तुहं नाव पोलिसात देईन. मले दुसरा रस्ता नाही."

प्रेमलता बाहेर आली ती भिंतीला धरून. "काका, चोर म्हणून निघाली तर मले कोण ठेवन? कॉलनीतल्या बाया बाबाले तोंडावर बोलन. बाबा त्यानंच मरन."

"रडू नको वं," मी म्हटलं. "रडून काय होते? डोळे सुजते."

मला असंच बोलता येते.

(हे लिहितो आहे तर भीमाबाई आतून ओरडते, "अजी, कुटलेलं तिखट भराले डबा पाह्यजे." मी म्हटलं, "डोकं नको खाऊ. फळीवर असंन तो घे." लिहिणाऱ्या माणसाला ही बाई कधी सुखानं बसू देत नाही.)

५

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी प्रेमलताला शेडमध्ये जाऊ दिलं नाही. कॉम्प्युटरच्या खोलीसमोर व्हरांड्यात स्टूल टाकलं, तिला बसवलं, स्वतः खाली पायरीवर बसलो.

"काहून काका?"

"गप बस. कान उघडे ठेव."

ऊन पांढरं झालं. गरम वाऱ्याची लू सुटली, अंगणात कागदाचा एक कपटा गोल गोल फिरला आणि पडला. मला वाटलं, आज काही होत नाही. पोरगी म्हणेल, म्हातारा पागल झाला. झालं असतं तर बरं झालं असतं.

टकटक टकटक.

ती हसली आधी. "कोण बसलं गा माह्या मशीनवर?" मग खळ्ळ झालं आणि तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. तिच्या बांगड्या मनगटावर गप्प होत्या.

"काका, हे मी हाये."

ती उठली, काचेपाशी गेली. मीही काठी टेकत गेलो. आत मशीनवर झाकण होतं. बटणांवरचं कापड जागोजाग खाली दबत होतं आणि वर येत होतं. पावसाच्या थेंबांनी तळ्यात पडतात तसे खळगे. कापडाखाली काही नव्हतं. कापडावर काही नव्हतं. मी तेवढंच पाहिलं. त्यापेक्षा जास्त पाहायची माझी इच्छा नव्हती, मी तोंड वळवलं.

वळवलं तर प्रेमलताची बोटं दिसली. ती काचेवर चालत होती. आतल्या आवाजासोबत, बरोबर त्याच ठेक्यात.

"काय करून राहिली?"

"बोटं आपोआप जाते, काका. ते काय टाइप करून राहिलं ते कळते मले." बोटं काचेवर चालतच होती. "कोराडीचा दर हाये. पण तो मी टाइपच नाही केला अजून. भैय्याजींनी सांगितलाच नाही."

मी दार उघडलं. बंद झालं. तिनं खुर्चीला हात लावला आणि हात ओढून घेतला, विंचू चावल्यासारखा.

६

सकाळी भैय्याजींनी तिला दर सांगितला. रात्रभर हिशोब करून पहाटे ठरवला म्हणाले. मी पाण्याचा जग घेऊन दारात उभा होतो. तिनं आकडा ऐकला आणि माझ्याकडं पाहिलं. विचारायची गरज नव्हती.

ती हुशार होती. घाबरली, पण बसून राहिली नाही. भैय्याजी बाहेर गेल्यावर तिनं ती पंचांगाची तबकडी काढली आणि मशीनला उलटसुलट प्रश्न घातले. बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"काका, याच्यात नुसतं पंचांग नाही. आपण जे टाइप करतो ते ही तबकडी गुपचूप स्वतःत उतरवून घेते. रुपराव अमावास्येले पंचांग नाही बदलत. आपले दर घेऊन जाते."

"मंग झालं. चोर सापडला."

"हाव." तिनं आवाज खाली केला. "पण कोराडीचा दर बी हाये त्याच्यात. मी अजून बटणाले हात नाही लावला."

ते आम्ही भैय्याजींना सांगितलं नाही. त्यांना पचेल तेवढंच सांगितलं.

अमावास्येला रुपराव आला. चपला काढल्या, वाकला, पेढ्याचा पुडा ठेवला. भैय्याजींनी दाराला कडी घातली. मला काठीही उचलावी लागली नाही. दोन प्रश्नांत तो खाली बसला.

"मले फक्त तबकड्या नेऊन द्याले सांगितलं होतं, भैय्याजी. कामठी रोडवाल्यांनी. ते त्यांच्या मशीनमंदी टाकते आणि वाचून घेते. मले बाकी काहीच माहीत नाही." मग तो प्रेमलताकडं पाहू लागला. पाहतच राहिला. "बाई, त्या तुम्हीच का?"

"काहून?" मी म्हटलं.

"तिथं त्यांच्या खोलीत बाई नाही. सगळे गडी. पण दुपारी बांगड्या वाजते म्हणते. त्यांचा मशीनवाला नोकरी सोडून गेला. मी म्हटलं, हसून राहिले माह्यावर. पण मी बी ऐकल्या." त्यानं तिच्या मनगटाकडं बोट केलं. "अशाच."

भैय्याजी म्हणाले, "नाटक बंद कर!" आणि त्याला पोलिसांकडं नेलं. तिथं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, माझं काम गेटापर्यंत.

७

तबकडी कात्रीनं कापली. मुंबईचा इंजिनिअर आला, त्यानं मशीन पुसून कोरं केलं. भैय्याजींनी कोराडीचा दर बदलून हातानं लिहिला आणि टेंडर मिळालं. प्रेमलताच्या घरी मिठाई घेऊन स्वतः गेले, बापासमोर माफी मागितली. पोरीचं नाव धुऊन निघालं. कोणीही म्हणेल, गोष्ट इथं संपली. मीही म्हटलं. चार दुपारी त्या व्हरांड्यात बिनधास्त झोपलो.

पाचव्या दुपारी जाग आली ती आवाजानं.

पण आवाज वेगळा होता. बटणांचा नाही, जड. लोखंडावर लोखंड ठोकावं तसा. ठक, ठक, ठक. मग खळ्ळ. मला आधी वाटलं, मागं कोणी छिन्नी मारते. कान लावला तर त्याच खोलीतून. आणि दाराच्या फटीतून वास आला, मिरचीचा. असा झणझणीत की मला ठसका लागला. आतही कोणी खोकलं. माझाच खोकला टिनाला आपटून आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पॅकिंगवाल्या बायांनी ठेचा आणला असेल. सगळ्याला कारण सापडते, माणसाला पाहिजे असलं की.

मग ठोकणं थांबलं. थोडा वेळ काही नाही. आणि एकदम बांगड्या फुटल्या. सगळ्या एका वेळी. काच फरशीवर उडाली, दाराला आतून लागली. त्यामागून आणखी काहीतरी पडलं. मग शांत. अशी शांतता मी मिलमध्ये एकदाच ऐकली होती, साच्यात माणूस सापडल्यावर सगळे साचे बंद करतात तेव्हा.

दार उघडलं. फरशीवर काच नव्हती.

मशीन जे व्हायचं असते ते आधी वाजवते, हे मला कोराडीच्या दरापासून माहीत होतं. भोंगा होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. प्रेमलता आली तेव्हा तिला आत जाऊ दिलं नाही.

"नोकरी सोड."

"काका!"

"आजच सोड."

"आता सोडली तर लोक काय म्हणन? पकडली म्हणून पळाली म्हणन. एवढं नाव धुतलं ते कशाले?" तिचं बरोबर होतं. मला बरोबर बोलणाऱ्या माणसांचा राग येतो.

"मंग बांगड्या काढ."

"काऽय?"

"काढ म्हटलं नं. दे मले. फोडू नको, हळू काढ."

ती हसू लागली. "काकूले नेता का? माह्या बांगड्या काकूच्या हातात जात नाही, पाहा बरं." पण माझं तोंड पाहून हसणं थांबलं. साबणाच्या पाण्यानं एक एक बांगडी काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. थंड होत्या. त्या मे महिन्यात, तिच्या मनगटावरून निघालेल्या, थंड.

त्यानंतर ती उघड्या हातांनी कामाला यायची. कॉलनीतल्या बाया टोमणे मारायच्या, तिनं मारू दिले. खोलीतला आवाज बंद झाला तो बंदच. वर्षभरात तिचं भिवापूरला लग्न झालं, मिरचीवाल्यांच्या घरात. पत्रिका द्यायला आली तेव्हा बांगड्या मागितल्या. हरवल्या म्हटलं. आता तिला मुलगा आहे. सुखात आहे. म्हणजे मी बरोबर केलं.

८

बांगड्या फेकता येत नाहीत. फेकल्या की फुटणार. पुरल्या तर कोणाची कुदळ लागणार. म्हणून मी त्या कापसात गुंडाळल्या आणि बिस्किटाच्या जुन्या डब्यात घालून फळीवर

फळीवर ठेवल्या. मी मघाशी भीमाबाईला काय सांगितलं?

थांबून ऐकतो आहे. ती कुटते आहे. ठक, ठक, ठक. लोखंडाच्या खलात लोखंडाचा बत्ता.

खळ्ळ.

भीमाबाई बांगड्या कधी कोपराकडं सारत नाही. चाळीस वर्षांत नाही.

मिरचीचा वास या खोलीपर्यंत आला आहे. भिवापूरची मिरची, दुसरी अशी नसते. आणि मला आत्ता, इतक्या दिवसांनी, कळते की बांगड्यांच्या मागून काय पडलं होतं. लाकूड. फरशीवर आधी एक टोक, मग दुसरं, मग थोडं गडगडलं. त्या कंपनीत काठी एकाच माणसाकडं होती.

मी हाक मारली, "भीमा, त्या काढ!" हाक अर्धी निघाली आणि ठसका लागला. खोकलो. हेही मी आधी ऐकलेलं आहे.

कुटणं थांबलं.

"अजी, आयकता का? डब्यात बांगड्या लपवून ठेवल्या होत्या नं? कोणाच्या हाये जी, या वयात?" हसते आहे. "मस्करीनं हातात घातल्या, तर गेल्या बाप्पा, अशा गेल्या जशा माह्याच मापाच्या. आता निघून नाही राहिल्या. तिखटानं हात सुजला. वाढवाव्याच लागन."

फुटल्या, फोडल्या असं ती कधी म्हणत नाही. वाढवल्या म्हणते. दीक्षा घेतली तरी ही एक गोष्ट तिनं सोडली नाही. नवरा जिवंत असताना बाई फोडणं म्हणत नाही.

घसा बंद आहे, आवाज निघत नाही. भिंतीवर हात आपटला, ती म्हणते, "आली आली, थांबा, हा पाटा घेतो अन् एकदाच ठोकतो."

मला उठायचं आहे. काठीशिवाय उठता येत नाही. काठी मांडीवर आहे, मुठीत घट्ट धरली आहे.

पेन ठेवतो. काठी काही ठेवत नाही.